घाटापुरता राग

प्रिय अगं,

पत्र बघून घाबरू नकोस. घर जागेवर आहे, मीही आहे. गॅस बंद आहे, आत्ताच उठून पुन्हा बघून आलो. पत्रं लिहायची मला सवय नाही. शाळा अर्ध्यात सुटली, त्यानंतर मी जे काही लिहिलं ते फळ्यांवर पेन्सिलीने, आणि ती सगळी मापं. पण फोनवर मला नीट रागावता येत नाही. मी जरा सुरुवात केली की लेक म्हणते, बाबा, आवाज तुटतोय. आवाज तुटत नसतो, ती तोडते. कागदाला तसं करता येत नाही, म्हणून कागद घेतला.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. बाळाला दात येताहेत, जावयांना खोकला झालाय, इकडची हवा चांगली आहे, असं सगळं सांगून झाल्यावर ती एकदम म्हणाली, बाबा, आईला आता इथेच राहू दे, तिचंही तेच म्हणणं आहे, तुम्हाला तर येणं जमायचं नाही, तुम्हाला गाडी लागते. बाळंतपणाला म्हणून गेलीस, बाळ आता भिंतीला धरून चालतं, आणि हे मला लेकीने सांगायचं? मागे नळ चालू होता, भांडी वाजत होती. ती तूच घासत होतीस. कड आपटल्याशिवाय तुला वाटी ठेवता येत नाही, ते मी झोपेतही ओळखेन. हात पुसून फोनपर्यंत यायला काय झालं होतं? मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. त्या बरंचा अर्थ होकार असा कुणी लावला असेल तर तो त्याचा त्याने काढून टाकावा.

गाडी लागते, गाडी लागते. तुम्ही मायलेकींनी त्याची खुंटी करून ठेवलीय. जे माझ्यावाचून करायचं ते त्या खुंटीला अडकवायचं. तुझ्या बहिणीकडे राहायला जायचं, तू एकटी, कारण यांना गाडी लागते. लेकीचं नवं घर बघायचं, तू एकटी. लेक शाळेत असताना सहलीला आईबाप गेले होते आणि मी घाटाच्या पहिल्याच वळणावर खाली उतरलो, ते ती अजून पाहुण्यांना सांगते, माझी नक्कल करून, तोंडावर हात धरून. जावई हसू दाबतात. त्यांना वाटतं मला दिसत नाही. माणसाला कमी ऐकू येतं तर लोक मोठ्याने बोलतात, कमी दिसतं तर हात धरतात. गाडी लागते त्याला मात्र मागे ठेवून जातात, आणि जाताना वर म्हणतात, तुम्ही आराम करा.

फोन ठेवला आणि तडक औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने गोळी दिली. ती घेतली की मी बसल्या जागी झोपतो आणि छातीत धडधडतं. डॉक्टर म्हणाले, या वयात ही गोळी नको, थोडी थोडी सवय करा. सवय कुठे करू? आपलं गाव फळीसारखं सपाट. इथली बस एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते, वळण म्हणून नाही. हे ऐकून तो औषधवाला हसत म्हणाला, काका, वीटभट्टीच्या जागी ती खेळांची बाग झालीय ना, तिथे हलणारी खोली आहे, बिनपेट्रोलचा घाट. तो थट्टा करत होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

हसू नकोस. आणि लेकीला सांगू नकोस. ती एक बंद खोली आहे, चाकं नाहीत, खाली लोखंडी पाय आहेत, ते मागेपुढे, वरखाली होतात. आत खुर्च्या, समोर भिंतभर पडदा. दार लागतं, पडद्यावर डोंगरातला रस्ता सुरू होतो, आणि खुर्ची तुला धरून गदगदा हलवते. वळण आलं की खोली कलते, दरी आली की पोट घशाशी. तोंडावर वारासुद्धा सोडतात. शेजारी शाळेची पोरं किंचाळत होती, मजेने. मी दुसऱ्या वळणालाच हात वर केला. बाहेर आलो तो कठड्याला धरून उकिडवा बसलो. पट्टे बांधायला तिथे एक बाई असतात, आपल्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, आजोबा, नातवंडं कुठे आहेत? मी म्हटलं, घाटापलीकडे. त्यांना वाटलं बागेतला घाट.

मी रोज जाऊ लागलो. सकाळी गर्दी नसते. आलं चघळून बघितलं, लिंबू हुंगून बघितलं, रिकाम्या पोटी गेलो, भरल्या पोटी गेलो. भरल्या पोटी गेलो ते चुकलं. बाई म्हणू लागल्या, आलात? बादली तयार आहे. मी त्यांच्यावरही चिडलो, पण बादली जवळ ठेवून घेतली.

मग मला वाटलं, आपण सुतार आहोत. दार बसवताना जमीन वाकडी, भिंत वाकडी, घरमालक वाकडा असला तरी आपण बघतो ती पाणसळ. बुडबुडा मधोमध म्हणजे सगळं ठीक. डोळ्यांना आधार मिळाला की पोट गप्प बसेल. म्हणून छोटी पाणसळ सदऱ्याच्या बाहीत लपवून नेली, कारण आत सुटी वस्तू नेता येत नाही. खोली हलायला लागली, मी पडदा सोडून पाणसळीकडे बघत बसलो. अगं, तो बुडबुडा मधे यायचं नाव घेईना. या टोकाला, त्या टोकाला, पकडलेल्या बेडकासारखा. जन्मभर ज्याच्यावर विश्वास ठेवला तोच असा पळताना बघितला आणि मला जे झालं ते लिहीत नाही. खोली धुवायला बंद ठेवावी लागली. बाहेर पोरांची रांग होती. बाई म्हणाल्या, आजोबा, तुमच्याएवढा छळ मला शाळेच्या सहलींनीही केला नाही, आता खरं सांगा, कशाला येता?

मी सांगितलं. सगळं नाही. घाट ओलांडून जायचंय, गाडी लागते, सवय करतोय, एवढंच. त्या पायरीवर बसल्या आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अहो, हे उलटं आहे. इथे तुम्ही जागेवर असता आणि डोळे पळतात, म्हणून मळमळतं. डोळे मिटा, इथलं थांबेल. पण खऱ्या बसमध्ये तुम्ही पळता आणि डोळे पुढच्या खुर्चीच्या पाठीवर अडकतात. तिथे मिटून बसलात तर कुणाकुणाला जास्तच होतं. तिथे लांब बाहेर बघायचं असतं, डोंगराच्या कडेवर. इथे वर्षभर बसलात तरी तिथली खात्री नाही.

म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या आजाराची तालीम करत होतो. माझं डोकं फिरलं. त्यांना म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलंत कुठे? तरी खोली धुऊन झाल्यावर मी पाय आपटत आत गेलो, त्यांनी पट्टा बांधला, आणि मी बसल्या बसल्या सगळ्यांचा उद्धार करत होतो. बाईंचा, औषधवाल्याचा, जावयांच्या दाबलेल्या हसण्याचा, लेकीच्या नकलेचा, आणि तुझा. तुझा सगळ्यात जास्त. नळ बंद करून आली नाहीस त्याचा. दार उघडलं तेव्हा मला वाटलं, अजून सुरूच कुठे झालंय. बाई आत डोकावून म्हणाल्या, झालं की हो, पूर्ण झालं. माझं पोट लाकडासारखं शांत होतं. डोळे उघडे, पडदा समोर, आणि काही म्हणजे काही झालं नाही.

तेव्हा मला कळलं की मला राग आला की गाडी लागत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, असं पुस्तकात नाही. नसेना. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. फक्त एक अडचण आहे. राग वापरला की पातळ होतो. जावयांचं हसणं एका फेरीत संपलं, दुसऱ्यांदा आठवलं तर मलाच हसू आलं आणि लगेच ढवळायला लागलं. लेकीची नक्कल थोडी जास्त टिकली. तू जाताना स्वयंपाकघरातला चांगला सुरा घेऊन गेलीस, तो राग बरा आहे, पण छोटा आहे. आणि एकदा मधल्याच वळणावर मला तू आठवलीस ती सहलीच्या दिवशीची. सगळे बसमधून पुढे गेले आणि तू माझ्याबरोबर उतरलीस, रस्त्याच्या कडेला माझ्या मानेवर ओला रुमाल धरून उभी राहिलीस, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होतीस, काही नाही, ऊन लागलंय. लेक नक्कल करते तेव्हा नेमकं एवढंच गाळते. ते आठवलं आणि बादली घ्यावी लागली. तेव्हापासून तसलं काही आठवायचं नाही असं ठरवलंय.

आता एक गोष्ट सांगतो ती तुला कोणी सांगितलेली नाही, कारण कोणाला माहीत नाही. तू गेलीस त्या थंडीत मी निघालो होतो. दाराला कुलूप लावलं, शेजाऱ्यांना सांगितलं कामावर जातोय, आणि तिकडची गाडी पकडली. बाळासाठी लाकडी गाडा केला होता, ओढायचा, तो मांडीवर. घाट सुरू होईपर्यंत ठीक होतो. मग चालकाने दोनदा गाडी थांबवली. तिसऱ्यांदा मागची माणसं बोलायला लागली, म्हाताऱ्याला पाठवलं कुणी, घरी कोणी नाही का याला. मी घाटातल्याच एका टपरीवर उतरलो आणि घाट उतरणाऱ्या मालट्रकात मागे, उघड्यावर, सिमेंटच्या गोण्यांवर बसून परत आलो. गाडा टपरीवर राहिला. तुम्ही दोघी म्हणता, यांनी कधी प्रयत्न तरी केला का? आता केला म्हणून सांग लेकीला. नाहीतर नको सांगूस. ती तोंडावर हात धरून दाखवेल.

आणि तुला राहायचं असेल तर राहा. माझी काही दोरी नाही तुझ्या पायात. तिथे बाळ आहे, माणसं आहेत, इथे मी आहे आणि लाकडाचा भुसा आहे, हे मलाही कळतं. पण ते तू मला सांगायचं. इतकी वर्षं तू मला सगळं तोंडावर सांगत आलीस, मिशी काढा म्हणून, दार वाकडं बसलंय म्हणून, तुमचा भाऊ खोटं बोलतोय म्हणून. आणि एवढी मोठी गोष्ट लेकीच्या तोंडून, नळाच्या मागून? मी तेवढाही उरलो नाही का? या रागाला मी अजून हात लावलेला नाही. बागेत त्याचा वापर केला नाही. तो अख्खा ठेवलाय.

म्हणून हे पत्र. पुढच्या बुधवारच्या सकाळच्या गाडीने मी येतोय. खिडकीची जागा घेतली आहे, डोंगराच्या कडेवर बघत येईन, बाईंनी सांगितलंय तसं. पिशव्या घेतल्या आहेत, आलं घेतलंय, पण खरा भरवसा त्या रागावर आहे, आणि तो अख्ख्या घाटाला पुरायला हवा. तेव्हा हे वाचल्यावर मला फोन करू नकोस. जपून या म्हणू नकोस, स्वेटर घाला म्हणू नकोस, आवाज मऊ करू नकोस. तू एक शब्द नीट बोललीस तर माझा राग पहिल्या वळणालाच संपेल आणि मला परत त्या टपरीवर उतरावं लागेल. मी दारात आलो की मग बोल. तिथेच राहणार म्हणालीस तर माझी परतीची काळजी मिटली, त्या रागावर मी दोन घाट उतरेन. पण येते म्हणालीस, तर माझ्याकडे काहीच उरणार नाही. मग खिडकीशी मला बसू दे आणि पिशवी तू धर.

तुझाच,
अहो