जावयाचं रक्त आणि माझा सूड

सोमवार, ३ जून
आजपासून सूड.
आमच्या युनिटच्या बड्या सरांनी आज राउंडला, भरल्या वॉर्डात, माझी लाज काढली. कारण अगदी क्षुल्लक. खिडकीजवळच्या बेडवरच्या आजोबांचं रक्त तपासायला घ्यायचं होतं. मी घेतलं. आजोबा त्या वेळी बाथरूममध्ये होते आणि बेडवर त्यांचा जावई आडवा झाला होता, यात माझा काय दोष? माणसाने उगाच हात पुढे का करावा? जावई म्हणतो, डॉक्टरांनी मागितला, मी दिला, सासरच्या माणसांसमोर नाही कसं म्हणणार! आजोबांचा रिपोर्ट तरण्याबांड गड्यासारखा आला म्हणून सगळे खूश होते. तेवढ्यात आजोबाच ओरडले, की माझं रक्त घेणार कधी, सकाळपासून उपाशी ठेवलंय.
शिक्षा मात्र सगळ्या इंटर्नना. आठवड्याची सुट्टी बंद. सर म्हणाले, कामात लक्ष नाही आणि सुट्ट्या कसल्या मागता?
हा घाव माझ्यावर नाही, एका पिढीवर आहे. इतिहासात सिंहासनं याहून लहान कारणांनी कोसळली आहेत.
मी थकलेलो नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

मंगळवार, ४ जून
शत्रूने स्वतःच रणांगण आखून दिलं! शनिवारी हॉलमध्ये ‘तणावमुक्त डॉक्टर’ नावाचं शिबिर. हजेरी सक्तीची. अध्यक्ष बडे सर. शेवटी इंटर्नतर्फे कोणीतरी दोन शब्द बोलायचे. कोणीच तयार होईना, म्हणून मी एकमताने निवडून आलो.
दोन शब्द! मी त्यांना जन्मभर पुरेल इतकं ऐकवणार आहे.
रूममेटला योजना सांगितली. याला आम्ही अजगर म्हणतो, कारण हा कुठेही वेटोळं करून झोपतो. तो म्हणाला, बाबा रे, सरळ जाऊन माफी माग, सुट्टी परत मिळेल. मी त्याला सांगितलं, अशाच वाक्यांनी गुलाम तयार होतात. तोवर तो झोपला होता.

बुधवार, ५ जून
भाषणाचा पहिला भाग तयार. ड्रेसिंग करता करता म्हणून पाहिला. ‘तुमच्या पांढऱ्या कोटाला आमच्या घामाचा वास येतो!’ या वाक्याला पेशंट बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अजगर म्हणतो, तू पट्टी ओढलीस म्हणून. कलेची जाण नाही.
दुपारी लिफ्टमध्ये उभ्या उभ्या चिंतन केलं. लिफ्टमन म्हणाला, डॉक्टरसाहेब, बराच वेळ वर-खाली चाललंय तुमचं, उतरायचंय कुठे?

गुरुवार, ६ जून
आईचा फोन. जेवलास का, म्हणाली. आठवेना. मी म्हणालो, क्रांती करणारे जेवणाचा विचार करत नसतात. ती म्हणाली, क्रांती नंतर कर, आधी दोन घास खा. आणि तुझा आवाज असा विहिरीतून आल्यासारखा का येतोय?
फोन उलटा धरला होता.

शुक्रवार, ७ जून
चादरी घ्यायला स्टोअर रूममध्ये गेलो, तर तिथे आमची ‘पहिला नंबर’ गठ्ठ्यावर बसून रडत होती. ही प्रत्येक परीक्षेत पहिली आलेली मुलगी, कधी कुणासमोर रडली नव्हती. म्हणाली, मला तुझं भाषण नको रे, एक दिवस झोप हवी. एकच. तुझ्या त्या जावयापायी गेली ती.
मी तिला क्षमा केली. तिचे अश्रू भाषणाच्या तिसऱ्या भागात घेतले आहेत.

शनिवार, ८ जून
सकाळी: आज हिशेब चुकता. माइक आधीच ताब्यात घेऊन बसणार, दगाफटका नको.

संध्याकाळी: मधल्या काळाबद्दल माझ्याकडे फक्त ऐकीव माहिती आहे.
शिबिर घ्यायला आलेल्या पाहुण्या बाई म्हणाल्या, डोळे मिटा, खोल श्वास घ्या. मी मिटले. निव्वळ डावपेच म्हणून.
पुढचं अजगराकडून कळलं. इंटर्नच्या प्रतिनिधीला बोलावलं, तेव्हा आधी माइकवरून घोरणं ऐकू आलं. हॉल खदाखदा हसला. मग मी बोललो म्हणे. ‘आलो सिस्टर... सलाईन लावतो... पाचच मिनिटं द्या... रडू नका आजी, आलो.’ एवढंच, पुन्हा पुन्हा. हळूहळू हसणं थांबलं. पहिला नंबर उभी राहून म्हणाली, सर, आमचं सगळ्यांचं हेच झालंय.
बडे सर मग उठून म्हणाले, सुट्टी उद्यापासून चालू, आणि त्याला कोणी उठवू नका.
टाळ्यांचा कडकडाट. मी त्यानेही उठलो नाही.
म्हणजे लढाई जिंकली गेली आणि त्यात माझं एकही वाक्य खर्ची पडलं नाही! याहून मोठा अपमान नाही. सूड आता दुप्पट.

रविवार, ९ जून
सुट्टी. शत्रूने दिलेली आहे, म्हणून निषेधार्थ झोपणार नाही. दिवसभर भाषण घासूनपुसून...

सोमवार, १० जून
बड्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. भाषणाचे कागद घेऊनच गेलो. म्हणाले, बस रे. परवा तुझं बोलायचं राहूनच गेलं. बोल आता, मी ऐकतोय.
समोर शत्रू. मध्ये फक्त टेबल. दार बंद. सूड घेऊ पाहणाऱ्याला याहून अधिक काय हवं असतं?
मी उठून उभा राहिलो. छाती पुढे काढली. थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि ‘थँक यू, सर’ म्हणालो.
आवाज मात्र खणखणीत होता.