मर्लोची वेल

तलमडुगु, मंगळवार संध्याकाळ

या द्राक्षवेलींपायी एक एकर कपाशी आणि तीन हंगाम गेले. रोपवाला म्हणाला होता, "शेटजी, फ्रान्सच्या बोर्दोत कॅबर्ने जातीच्या द्राक्षाला मुरमाड जमीन लागते, मर्लो चिकण मातीतही येते. वाईन मऊ, लालभडक." मी माती मुठीत दाबली अन् म्हणालो, "माती मले नको शिकवू!" लाल वाईनची बढाई गावभर मारली. रोप पाहिलंच नाही. मातीच दाबत बसलो, मूर्ख!

आज तो पुन्हा रोपं विकायला आला. वेलीआड उभा राहून फोनवर कुणाला तरी हसत सांगताना मी ऐकलं, "म्हातारा मातीच पाह्यते, रोप नाही." तिथूनच हाकलला.

बायको म्हणते, "चिडता काऊन? द्राक्षं गोड तर हायेत!"

मर्लो पिकली की काळी होते. माझे घड पिकले, हिरवेच राहिले.