रोलरवरचा खडू

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. एकाच घरात राहत होतो. आज लिहितो आहे, कारण माझ्याकडून एक चूक झाली आहे आणि ती तुलाच सांगायला हवी.

तुझा खडू मी पुसला.

तू श्रावणात गेलास, तेव्हा पोलादपूरच्या शेडमध्ये आपला वाफेचा रोडरोलर सुटा करून ठेवलेला होता. घाटाचा रस्ता करताना बाबा ज्याच्या टाकीत पाणी भरायचे, तोच. कितीतरी वर्षं झाडाखाली गंजत पडला होता. तू कदम गुरुजींना आणि इक्बाल वेल्डरला गोळा केलंस आणि म्हणालास, "एकदा तरी याला वाफ धरायला लावू." मी चौथा. माझं काम चहा आणायचा आणि तू सांगशील तिथे बॅटरी धरायची.

प्रत्येक भागावर तू खडूने नाव लिहायचास. पोलादपूर, कापडे, मग घाटातलं एकेक वळण, प्रतापगड फाटा आणि शेवटी महाबळेश्वर. एकमेकांत बसणाऱ्या दोन तुकड्यांवर एकच नाव. एसटी ज्या क्रमाने वर जाते, त्याच क्रमाने जोडत जायचं. किती सोपं होतं रे.

मी एकदा विचारलं होतं, "दादा, वहीत उतरवून घेऊ का?"

"कशाला रे? मी हाय ना."

मी वही आणलीच नाही. जन्मभर तहसील कचेरीत परक्यांच्या जमिनींच्या नोंदी लिहिल्या, आणि घरची एवढी एक नोंद राहिली. तू का लिहू दिलं नाहीस? आणि मी तरी हट्ट का धरला नाही?

खंडेनवमीला तू दरवर्षी अवजारं पुसून पुजायचास. या वर्षी कोण करणार? मी सकाळीच रॉकेल आणि चिंध्या घेऊन शेडमध्ये गेलो. एकेक भाग लखलखीत केला, नटबोल्टसुद्धा. गोणपाटावर ओळीने मांडले, झेंडू वाहिला. तू गेल्यापासून पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं.

इक्बाल आला आणि एकेक भाग उलटून बघू लागला. "बाळूभाऊ, हे काय केलंस? दादाची सगळी गावं पुसून टाकलीस की."

गुरुजी पेटीवर बसले. "आता गाडी कुठनं सोडायची, कंडक्टर?" असं मला हसत म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

मोबाईलमधले फोटो शोधले. सगळ्यांत आपण चौघं चहाचे ग्लास धरून उभे. मागे भाग दिसतात, नावं वाचता येत नाहीत.

तेव्हापासून दर रविवारी जमतो. एक भाग बसवला की दुसरा अडतो, मग दोन्ही काढतो. गेल्या रविवारी इक्बाल आला नाही. आज गुरुजी गुडघे दुखतात म्हणून लवकर उठले. मला कोणी बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी आलो तर वहिनीने विचारलं, "जमलं का काय?" मी नाही म्हणून मान हलवली. ती आत गेली आणि तुझ्या फोटोमागून रोलरची पितळी शिट्टी घेऊन आली. चीर बुजवायला तू घरी आणली होतीस, आम्ही विसरूनच गेलो होतो. तिच्यावर तुझं अक्षर. महाबळेश्वर.

"दसऱ्याला घरातलं समदं पितळ घासलं, भावोजी. हिला हात नाय लावला. त्यांचं अक्षर हाय."

शिकलेला मी, दादा. आणि कळलं तिला.

शेवटी काय बसवायचं ते आता माहीत आहे. सुरुवात कुठून करायची, ते अजून माहीत नाही.

रोलर चालेल असं वचन मी देऊ शकत नाही. एवढंच देतो. एकटा राहिलो तरी रविवार चुकवणार नाही. जो भाग बसेल, त्याचं नाव त्याच दिवशी वहीत लिहीन. आणि शिट्टी बसवायची वेळ येईपर्यंत तिच्यावरचा खडू कोणाला पुसू देणार नाही.

तुझा,
बाळू