सावरगावचा मुलगा आणि सोळावं शतक

५ ऑगस्ट, सकाळी ६
सौंसरच्या कॉलेजात लेक्चरचं निमंत्रण. विषय: राणी एलिझाबेथच्या काळातल्या समजुती आणि प्रेमाची शोकांतिका. रोज पहाटे पाचला उठून लिहिणार. आज सहा वाजले, म्हणून उद्यापासून.

९ ऑगस्ट
तीन मुद्दे पक्के. तेव्हाचे लोक समजायचे की नशीब ताऱ्यांत लिहिलेलं असतं, राग पित्तामुळे येतो आणि मुलीचं लग्न हा बापाचा विषय. बिचारे. विज्ञान नव्हतं.
संध्याकाळी आमची प्रणाली म्हणाली, सावरगावच्या कुलदीपशी लग्न करायचंय. मी शांतपणे त्याची जन्मवेळ मागितली.

१० ऑगस्ट
कडक मंगळ. मी पत्रिका मानत नाही, पण गुरुजी मानतात. सौंसरच्या संत्रावाल्यांच्या मुलाशी मात्र तीस गुण जुळतात. प्रणालीला डेटा दाखवला. ती जेवली नाही. मी ताट आपटलं, पण रागावलो नव्हतो, पित्त चढलं होतं. करुणानं थंड दूध आणून दिलं. बायको समजूतदार मिळाली.

२३ ऑगस्ट, गोटमार
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ही जत्रा गच्चीवरून पाहिली. अलीकडून आमचं पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, मधे जाम नदी, दिवसभर दगड. म्हणतात, पूर्वी पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन पळाला आणि दोघं नदीतच दगड लागून मेले. लेक्चरमध्ये घ्यावं का? नको, फार लोकल वाटेल.
चौकशीत कळलं, कुलदीप दगड मारत नाही, जखमींना पट्ट्या बांधतो. गावासाठी एक गोटा उचलवत नाही, तो संसार काय उचलणार. माझा खांदा दुखतो, माझी गोष्ट वेगळी.

७ सप्टेंबर
दोन पानं झाली. ऐन ओघात करुणा आणि प्रणाली काहीतरी सांगायला आल्या. हो हो म्हटलं. बराच वेळ उभ्या होत्या. जाताना प्रणाली पाया पडली. संस्कार टिकून आहेत.

११ सप्टेंबर
लेक्चर उत्तम. नाटकातल्या त्या बापानं मुलीला एकदा नीट विचारलं असतं तर शोकांतिका टळली असती, या वाक्याला टाळ्या.
घरी आलो तर कुलूप. करुणाला फोन केला. दुपारी दोनला कचेरीत प्रणाली-कुलदीपचं लग्न लागलं, साक्षीदार ती स्वतः. मला कोणी सांगितलं नाही, असं म्हटलं.
"रविवारी सांगितलं होतं. तुम्ही हो म्हटलं, अन् लिहून राहिले."
मग प्रणालीला फोन दिला. पितृपक्षात लग्न करत नाहीत, हे सांगणार होतो. जेवलीस का, एवढंच विचारलं. हो म्हणाली.
तिनं मला काही विचारलं नाही.