शिट्टीचं बदक

३ फेब्रुवारी १९९७
संगमनेरमधल्या पहिल्या कुत्र्यांच्या पाळणाघराला आज महिना झाला. दूध संघातून रिटायर झाल्यावर स्वस्थ बसायचं नाही, हे ठरलेलंच होतं. लोक ड्यूटीवर जाताना कुत्रं सोडतात, संध्याकाळी नेतात. सध्या मेंबर तीन. डॉबरमन सीझर, गावठी टिपू आणि दीपा सिस्टरची बबली. बबली पॉमेरियन, वय तेरा, पुढचे दात नाहीत. सिस्टरचे मिस्टर गेल्यापासून बबली घरात एकटी राहत नाही, रडते.
सिस्टरनी विचारलं, काका, यांना खेळायला काही ठेवता का? म्हटलं, मुद्दाम ठेवत नाही. शिस्त बिघडते. तीस वर्षांच्या नोकरीत एकाही म्हशीनं खेळणं मागितलं नाही.

५ फेब्रुवारी
टिपूनं माझी एक चप्पल खाल्ली. सीझरनं दुसरी. आमची बायको, भामाबाई, म्हणाली, मुकी जनावरं कंटाळत्यात.
धोरण बदललं. खेळणी ठेवायची.

६ फेब्रुवारी
गुरांच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांचा सल्ला: प्रत्येकाला वेगळं खेळणं, घशात जाईल असं काही नको, आणि समोर माणूस बसलेला हवा. वहीत लिहून घेतलं. तिन्ही मुद्दे पटले.
येताना बाजारातून एक बदक आणलं. रबरी, पिवळं, पोट दाबलं की वाजतं. एकच आणलं. एकीनं खेळतील.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
साडेबारापर्यंत प्रयोग शंभर टक्के यशस्वी. नंतर देखरेख नीट व्हावी म्हणून आरामखुर्ची घेतली. झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते.
उघडले तेव्हा बदकाच्या चिंध्या. पोटातली शिट्टी नाही. बबली तोंड चाटत बसलेली. भामाबाई दळण आणायला गेली होती, नाहीतर हे घडलं नसतं.
अंगण दोनदा झाडलं. शिट्टी सापडली नाही. बदक माझ्या कॉटखाली ठेवलं.
सिस्टरना सांगणारच होतो. पण फार दमलेल्या दिसल्या.

९ फेब्रुवारी
बबलीनं दूध-चपाती सोडली. थंडीमुळे असेल.
सिस्टरनी विचारलं, काल काही वेडंवाकडं खाल्लं का हिनं? मी नाही म्हणालो. शिट्टी हे काही खाणं नव्हे.
भामाबाई आत गेल्यावर बबलीचं पोट हळूच दाबून पाहिलं. वाजलं नाही. म्हणजे शिट्टी आत नाही. दाबत असताना तिनं माझा हात चाटला. तेवढं तिनं करायला नको होतं.
 

१० फेब्रुवारी
आज सांगायचं, नक्की. सकाळी सिस्टर घाईत होत्या. अकराला फोन करायला बूथवर गेलो, तर गर्दी. एक बाई.
दुपारी बबलीला तीनदा उलटी झाली. उभी राहीना. भामाबाई केरसुणी कॉटखाली घालायला आणि बदक बाहेर यायला एकच गाठ पडली. तिनं विचारलं, ह्याची शिट्टी कुठंय? मी सगळं सांगितलं.
ती ओरडली नाही. “दोन दिस तिला तसंच बसू दिलं तुमी,” एवढंच म्हणाली. बबलीला पदरात घेतलं आणि चालू लागली. मी मागून गेलो, अनवाणी.
डॉक्टर म्हणाले, पोट उघडावं लागेल, वयाकडे बघता भरवसा देत नाही. सिस्टरना ड्यूटीवरून बोलावलं. त्यांना म्हटलं, काल मी नाही म्हणालो, ते खोटं होतं.
“काल सांगितलं असतं तर, काका?”
  

१२ फेब्रुवारी
बबली वाचली. काल दिवसभर सलाईन, आज दोन चमचे दूध. भामाबाई दोन्ही दिवस डॉक्टरांकडेच, तिच्यापाशी. सीझरच्या मालकांनी सीझरला येऊन नेलं. मी टिपूसमोर दिवसभर डोळे उघडे ठेवून बसलो. तो झोपला होता.

२४ फेब्रुवारी
टाके निघाले. सकाळी दारात सिस्टर, कडेवर बबली. मला फार बरं वाटलं. म्हणजे विश्वास आहे. हात पुढे केले.
सिस्टरनी विचारलं, काकू आहेत का? म्हटलं, पाण्याला गेलीय, अर्ध्या तासात येईल, तोवर मी आहेच.
“राहू द्या काका, थांबते मी.”
पायरीवर बसल्या, बबलीला मांडीवर घेऊन. ड्यूटीची वेळ होऊन गेली. मी खुर्ची दिली, घेतली नाही. मग मी आत येऊन बसलो.

भामाबाईला यायला चाळीस मिनिटं लागली.