खोली क्रमांक तीनमधील फुगवलेल्या होडीबाबत

प्रति,
मा. नौका नोंदणी अधिकारी,
किनारा उपकार्यालय, पुंता लागून, बोनेर बेट
(सध्या दाराच्या पलीकडे)

विषय : किनाऱ्यावरून बुडी मारण्यासाठी हवेची लहान होडी वापरण्याचा परवाना, तसेच अर्जदाराची तातडीने सुटका.
संदर्भ : आपण आत्ताच दाराबाहेरून दिलेला तोंडी आदेश, "ओरडू नका, लेखी द्या."

महोदय,

मनुष्यजातीने समुद्र जिंकला तो होडीच्या जोरावर. माझी होडी मात्र आपल्या खोली क्रमांक तीनच्या दाराला नाक लावून बसली आहे. दार आत उघडते. होडीमागे मी व आपल्या लिपिक श्रीमती शुरेंदी सिसिलिया अडकलो आहोत.

१. माझी पत्नी मिरेल्वा हिचा गुडघा नवा बसवला आहे. आमच्याकडचा खडक करवतीसारखा. पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन तिला त्यावरून उतरता येत नाही. सिलिंडर होडीत टाकायचे, वल्ही मारत नांगरलेल्या तरंगत्या बोयापाशी जायचे, होडी तिथे बांधायची आणि बुडी घ्यायची, एवढाच आमचा बेत होता.

२. नियमाप्रमाणे होडी "वापराच्या स्थितीत" दाखवायची. जिना अरुंद, म्हणून मी ती पिशवीतून आणली. बाई म्हणाल्या, "पिशवी तपासून काय करू? होडी दाखवा." मी पायपंपाने फुगवली. त्यांनी लांबी मोजली, दोन मीटर सत्तर. हवा कमीजास्त होऊ नये म्हणून दोन्ही झडपांना लाखेचे सील लावले. मग आम्ही दोघांनी दाराकडे पाहिले.

३. होडी उभी करावी तर वर पंखा. खिडकीला गज. मी सील तोडू लागलो, तर बाई कडाडल्या, "हात लावाल तर याद राखा, काका! निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिलीत. साहेबांच्या सहीशिवाय सील निघत नाही." आपण बाहेरून म्हणालात, तपासणीशिवाय सही नाही. तपासणीसाठी आपणांस आत यावे लागेल.

४. पश्चिमेचे ऊन आता थेट होडीवर आले आहे. हवा तापून ती फुगते आहे, शिवणी कुरकुरत आहेत. भिंतीशी आम्हाला हातभर जागा होती, ती वीतभर राहिली. बाई टेबलावर चढल्या आहेत. पाच वाजता कुलूप लागते आणि कार्निव्हलमुळे कार्यालय थेट बुधवारी उघडेल, हे त्यांनी मला तीनदा सांगितले; तिसऱ्यांदा रडत. आपण कार्निव्हलचा पोशाख चढवून निघण्याच्या तयारीत आहात, हे दाराखालून दिसणाऱ्या पिसांवरून कळते.

सबब परवान्याची मागणी मी मागे घेत आहे. मिरेल्वाची समजूत मी घालीन. याच कागदाच्या पाठीवर "एका झडपेचे सील काढावे" एवढे लिहून सही करावी व कागद आत सरकवावा. दुसरी झडप कार्यालयाकडे राहिली तरी हरकत नाही.

आपल्याच दाराआडचा,
एल्विन थीलमन
शुक्रवार, १३ फेब्रुवारी, दुपारी ४ वाजून ४१ मिनिटे

सोबत : पेन, एक. सही झाल्यावर ते परत सरकवावे, असे श्रीमती सिसिलिया यांनी लिहायला सांगितले आहे.