नऊ गाठींचा दोरा

७ ऑक्टोबर १९८७, बुधवार

आज पौर्णिमा. उपकेंद्र बंद केलं, सुया उकळायला ठेवल्या आणि मागच्या खोलीत माझी मांडामांड केली. उत्तरेला मीठ, पूर्वेला उदबत्ती, पश्चिमेला पाण्याचा पेला. दक्षिणेला दिवा हवा — तिथे स्टोव्हच! सुयांसाठी पेटवलेला, तोच देवीसाठी. मार्गारेटला कळवलं तर हसेल. तिच्या वहीत चांदीची वाटी लिहिली आहे, माझ्याकडे ड्रेसिंगचा इनॅमलचा ट्रे आहे.

खिडकीतून चंद्र दिसला. कपाशीच्या शेतांवरून वर आला. पाच मिनिटं गप्प बसले. दिवसभर पंचवीस पोरं रडून गेली होती, त्यानंतरची ती पाच मिनिटं. मार्गारेट परदेशातून आम्हाला नर्सिंगच्या ट्रेनिंगला शिकवायला आली होती तेव्हा म्हणाली होती — हा धर्म नोकरी करणाऱ्या बाईला जमतो, पुरोहित लागत नाही. जाताना तिने स्वतःची वही मला उतरवून घेऊ दिली. विका म्हणतात त्याला, तिकडचा चंद्राच्या देवीचा पंथ. नियम मोजके. कुणाला इजा करायची नाही. जे कराल ते तिप्पट होऊन तुमच्याकडे परत येतं.

आबांना कळलं तर? भुसावळच्या क्वार्टरमध्ये त्यांनी आजीचे देव टोपलीत भरून तापीत सोडले होते, मी पाच वर्षांची होते. अख्ख्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब, तिसरा फोटो नाही. आणि त्यांची शिकलेली लेक बेबी मिठाच्या चिमटीभोवती फिरते आहे! सांगायची सोय नाही. म्हणून ही डायरी.

२२ ऑक्टोबर

गावात दिवाळी. माझ्याकडे फक्त झाडायला येणारी झुंबरबाई आली, चार करंज्या पदरात बांधून. कुणी दिल्या विचारलं तर म्हणे मीच केल्या. एकटीसाठी कोण करतं करंज्या? माझ्यासाठीच केल्या असणार.

३१ ऑक्टोबर, शनिवार

वहीप्रमाणे आज मेलेल्यांचा सण. तिकडे थंडी सुरू होते, झाडं उघडी पडतात, म्हणून आज. इथे तर मे महिन्यातच सगळं मेल्यासारखं असतं. पण तारीख पाळली. आईसाठी अर्धी भाकरी ताटलीत वाढून ठेवली.

झुंबरबाई झाडायला आली तिने पाहिलं. उपकेंद्र तीच झाडते, पाणी भरते, घरोघर जाताना लसीचा डबा डोक्यावर घेते. "सिस्टर, हाई कोनासाठी शे?" आईसाठी म्हटलं. म्हातारीने ताटलीकडे नीट पाहिलं. "मंग मिरची ठेव ना बाई. कोरी भाकर कशी खाई ती?" आणि स्वतःच घरून चुलीवरची मिरची आणून ठेवली.

या गावात मला दोन वर्षं झाली. माझ्याशी कामाशिवाय बोलणारी ही एकटीच. नवरा गेला, दोन मुलगे गेले, एक मुलगी शिरपूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. बायका तिच्यासमोर तान्ही पोरं पदराखाली घेतात. मी पाहिलं आहे. तीही पाहते.

३ नोव्हेंबर, मंगळवार

अभिमननानांच्या नातवाला गोवर. नऊ महिन्यांचा. आजच लस टोचायची होती! यादीत नाव लिहून ठेवलं होतं. अंग तापलेलं, डोळे लाल. त्याची आई ताईबाई कडुलिंबाचा पाला घेऊन बसली आहे. नाना गावातले मोठे, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही, पण माझ्याशी नीट बोलतात. गोळ्या दिल्या, मीठ-साखरेचं पाणी शिकवलं.

५ नोव्हेंबर, गुरुवार. पौर्णिमा

श्वास वाढला आहे पोराचा. घड्याळ लावून मोजला, मिनिटाला बावन्न. गोळ्या वाढवल्या.

घरी येऊन वही काढली. आजाऱ्यासाठी नऊ गाठींचा दोरा. चंद्र उगवताना प्रत्येक गाठीला एक वाक्य बोलायचं आणि आजाऱ्याजवळ ठेवायचा. दोरा कुठला? टाक्यांचा काळा रेशमी घेतला, रिळातून हातभर तोडला. निदान स्वच्छ तरी आहे! चंद्र वर येईपर्यंत नऊ गाठी मारल्या. मनापासून मारल्या, खोटं कशाला बोलू. मग डबा झुंबरबाईच्या डोक्यावर देऊन तिच्यासह परत नानांकडे गेले. ताईबाई पाणी आणायला आत गेली तेवढ्यात झोळीतल्या गोधडीच्या घडीत दोरा सारला.

निघताना नाना म्हणाले, सरपंचांची जीप आत्ता शिरपूरला निघते आहे, पोराला दवाखान्यात घालू का? मी पुन्हा हात लावून पाहिला. ताप उतरल्यासारखा वाटला. म्हटलं, उद्या सकाळपर्यंत बघू नाना, उतार पडेल.

उतार पडेल. का म्हणाले मी असं?

६ नोव्हेंबर

सकाळी पोर निळं पडलं. जीप नव्हती. बैलगाडीने फाट्यावर, तिथून एसटी. ताईबाईच्या मांडीवर, मी शेजारी. शिरपूर तीन मैलांवर असताना गेलं.

७ नोव्हेंबर

काही लिहायचं नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

ताईबाई नदीवर गोधडी धुवायला गेली आणि दोरा निघाला. किंकाळी उपकेंद्रापर्यंत ऐकू आली. नऊ महिन्यांचं पोर आणि नऊ गाठी! एकेका महिन्याला एकेक गाठ मारली म्हणतात. मला हे सुचलंसुद्धा नव्हतं. वहीत नऊ लिहिलं होतं म्हणून नऊ.

दुपारी नानांच्या ओसरीवर सगळे जमले. मलाही बोलावलं, अंगात ताप असलेल्या बायकांना गोळ्या द्यायला. शेजारच्या गावचा भगत आणला होता. त्याने ज्वारीचे दाणे मांडले, मोजले आणि म्हणाला, घरात डबा घेऊन कोण आलं होतं?

झुंबरबाई आली होती. डबा घेऊन. माझा डबा.

"डाकीण" हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. माणसं तो तोंडावर कसा म्हणतात ते आज ऐकलं. ती कोपऱ्यात उभी होती. एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहत राहिली. माझी मदत मागते आहे असं वाटलं. मी गोळ्या मोजत राहिले.

भ्याले. दुसरं काय!

१० नोव्हेंबर

तिला विहिरीवर चढू देत नाहीत. मी माझ्या पिंपातलं पाणी दिलं. घेतलं. ओटा झाडून गेली.

१२ नोव्हेंबर

आबांचं कार्ड. बेबी, तुझ्या बदलीचं बोलणं झालं, धुळ्याला देवपुरात जागा निघते आहे, महिन्या-दोन महिन्यांत ऑर्डर येईल. तेवढे दिवस रेकॉर्ड साफ ठेव. तू गावातली अंधश्रद्धा काढते आहेस याचा मला अभिमान वाटतो.

कार्ड पाटीखाली ठेवलं. पुन्हा काढून वाचलं. अभिमान वाटतो म्हणे!

मी गावाला सांगितलं तर नोकरी जाईल. दोरा कुणी बांधला हे कळलं की त्या जीपचंही निघेल. सरकारी नर्सने गाठी मारल्या आणि पोराला दवाखान्यात जाऊ दिलं नाही — वर्तमानपत्रात येईल. आबा वाचतील. रोज सकाळी दोन पेपर वाचतात ते. आणि नाही सांगितलं तर ही म्हातारी.

१४ नोव्हेंबर, शनिवार

झुंबरबाईच्या घरावर धोंडे पडले. कौलं फुटली. सकाळी कपाळाला जखम घेऊन आली. टाके घालावे लागले, तीन. त्याच रिळातला दोरा. सुई आत जाताना तिने ओट्याची कड धरून ठेवली. मीच रडत होते. ती म्हणाली, "रडू नको. हात हाली र्‍हायना तुना."

१६ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं! आज सांगितलं.

गाव मंगळवारी तिला हाकलणार असं ठरलं होतं. सकाळी नानांच्या ओसरीवर गेले. पंधरा-वीस माणसं होती. टाक्यांचं रीळ बरोबर नेलं होतं, पुरावा म्हणून. भगताने दोरा बाटलीत घालून ठेवला होता, तो मागून घेतला, रिळाच्या टोकाला लावून दाखवला. बघा, एकच दोरा. मी बांधला. पोर बरं व्हावं म्हणून मी बांधला. झुंबरबाईचा काही संबंध नाही.

कुणीतरी हसलं. खरंच हसलं!

नाना मात्र हसले नाहीत. माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. "सिस्टर, तुम्ही शिकेल बाई. तुम्हना देव नही, दगड नही. आम्हना कानबाई देवीना परसादना रोट बी तुम्ही खातस नही. तुम्ही काय गाठी बांधशात! म्हातारीले वाचाडाले खोटं बोली र्‍हायनात." मी म्हटलं, नाना शपथ. तर म्हणे कोणाची शपथ घेणार तुम्ही?

मग रिळाकडे बोट दाखवलं. "रोज झाडाले येस ना ती तुम्हनाकडे? तिनी तठूनच चोरा व्हई."

सगळ्यांच्या माना हलल्या. भगत म्हणाला, बघा, आता सगळं जुळलं. मी नेलेला पुरावा! आता ती डाकीणही आणि चोरही. मी ओरडले, नाही, नाही म्हणाले. बायकांनी मला धरून घरी आणून सोडलं. सिस्टरच्या डोक्याला ताप चढला, म्हणत होत्या. एकीने लिंबू सरबत करून दिलं.

आणि एक राहिलं. मी फक्त दोऱ्याचं सांगितलं. जीपचं नाही. नाना समोर होते, ताईबाई दाराआड होती, आणि 'उद्या बघू' कोण म्हणालं होतं ते दोघांनाही माहीत आहे. त्यांनी ते काढलं नाही. मीही काढलं नाही.

१७ नोव्हेंबर

सकाळीच गेली. एक बोचकं आणि हातात विळा. वेशीपर्यंत माणसं मागे चालत होती. मी लसीच्या डब्यापाशी उभी. ती थांबली, हाताने खूण केली — डबा उन्हात आहे, सावलीत घे.

घेतला.

१८ नोव्हेंबर

आज उपकेंद्र मी झाडलं. कोपऱ्यात तिची तंबाखूची पुडी सापडली. जागच्या जागी ठेवली.

२१ नोव्हेंबर. अमावास्या

वही स्टोव्हवर धरली. पुठ्ठा जळायला फार वेळ लागतो. मार्गारेटला काय लिहू? तुझी विद्या चांगली होती, मी ती ज्या गावात वापरली तिथे तिला दुसरं नाव आहे? की सगळा दोष गावावर टाकू? दोरा नसता आणि पोराला जीपमध्ये घातलं असतं तर कदाचित जगलं असतं. कदाचित. हा शब्द आता जन्मभर मला पुरेल.

सुया उकळायला त्याच स्टोव्हवर ठेवल्या. काम आहे, करावंच लागतं.

९ डिसेंबर

शिरपूरहून आलेल्या कंडक्टरने सांगितलं. झुंबरबाई वारली, मुलीच्या घरी. कपाळाची जखम चिघळली होती म्हणे, अंग ताठ झालं. धनुर्वात!

माझे टाके. दगडाने फुटलेलं कपाळ, मातीने भरलेलं. आणि धनुर्वाताची सुई मी दिली नाही. कपाटात होती. दिवसाला दहा बायकांना टोचते ती. रडत होते ना मी, विसरले.

तिप्पट. आता मोजायला बसले आहे. पोर, म्हातारी... तिसरं कोण?

२ जानेवारी १९८८

ऑर्डर आली. देवपूर, धुळे. पंधरवड्यात हजर व्हायचं. आबांनी तार केली — अभिनंदन.

५ जानेवारी, मंगळवार

लसीचा दिवस. बाहेरगावची एक बाई रांगेत शेवटी बसली होती, पोटुशी, सातवा महिना. झुंबरबाईची मुलगी बेबाबाई. या गावात पाय ठेवायची हिंमत कशी झाली तिला! सगळ्या गेल्यावर दंड पुढे केला. सुई टोचून झाली तरी उठेना.

"मायनी मराना आदला दिन माले सांगं," म्हणाली. "माय म्हने, मी मना डोयाघाई दखं, सिस्टरनी दोरा ठेवा. पोऱ्या बरा व्हवाले ठेवा. पन तू कोनले सांगू नको. सिस्टर गयी ते त्या गावमा सुई कोन मारी?"

स्टोव्हवर सुया खदखदत होत्या. ओसरीवर मी गळा काढून सांगितलं तेव्हा कुणी मानलं नाही. ही एकटी मानायला तयार होऊन आली होती, अठरा मैल.

"खरं शे का, सिस्टर?"

मी म्हटलं, नाही.